चित्रातल्या बाईला मागणी

पुणे, ता. १९ एप्रिल १९३६

कुरडयांचा चीक शिजवत होते. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना ठाऊक आहे, की चीक चुलीवर असताना हात थांबला तर गाठी होतात आणि तीन दिवस भिजवलेले गहू गुरांपुढे टाकावे लागतात. माझ्या भावाला हे ठाऊक नाही. त्यामुळे घरातल्या महत्त्वाच्या गोष्टी तो नेमक्या अशाच वेळी सांगायला येतो.

"ताई, माझं ठरलं," बापू दारात उभा राहून म्हणाला.

"कोणती? परवा बघितलेली शाळामास्तरीण?"

"नाही. भोरची."

भोरची कोणी मुलगी आमच्या यादीत नव्हती, आणि यादी माझ्याकडे असते.

इथे थोडी माहिती द्यायला हवी. बापू वकील आहे. वय चव्वेचाळीस. बायको जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन या घरी आले, तेव्हापासून इथला स्वयंपाक माझ्याकडे आहे. मध्यंतरी शिवणाची परीक्षा दिली आणि वाड्यातल्या मुलींचा वर्ग चालवला. यंदा साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेने मला शिवणशिक्षिका म्हणून बोलावलं. राहायला स्वतंत्र खोली. होकार एप्रिलअखेर कळवायचा होता. बापू म्हणत होता, "माझं लग्न होऊ दे, मग खुशाल जा." असं म्हणून त्याने वर्षभरात चार मुली नाकारल्या होत्या. तेव्हा त्याचं कुठेतरी जमावं याची त्याच्याहून घाई मला होती.

त्याने खिशातून एक फोटो काढून माझ्यासमोर धरला. तो बाईचा फोटो नव्हता, बाईच्या चित्राचा फोटो होता. गेल्या महिन्यात भोरच्या कोर्टात कामाला गेला असताना त्याने एका पेंटरकडे हे तैलचित्र पाहिलं आणि तिथल्याच फोटोग्राफरकडून त्याची प्रत काढून घेतली.

चित्रात एक दिवाणखाना आहे. खिडकीशी तिशीची एक बाई उभी. पाचवारी पातळ, फुग्याच्या बाह्यांचं पोलकं, मनगटावर घड्याळ, पायात टाचांचे बूट. शेजारी तिपाईवर फुलदाणी, मागे खुर्ची. हातात एक कागद आहे, पण ती तो वाचत नाही, खिडकीबाहेर बघते आहे. कपाळ मोकळं, गळाही मोकळा.

"पत्र वाचून झालंय, म्हणजे शिकलेली आहे," बापू सांगू लागला. "बाहेर बघते आहे, म्हणजे विचार करणारी आहे. फुलं ताजी, म्हणजे टापटिपीची. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, म्हणजे विधवा. पण केस राखलेत, तेव्हा घर सुधारकी आहे. डोळ्यांतली व्याकुळता बघ. आणि ती खुर्ची रिकामी आहे, ताई."

"मग?"

"तिथे कोणीतरी येऊन बसावं असं तिच्या मनात आहे."

"ती उभी आहे म्हणून खुर्ची रिकामी आहे," मी म्हटलं.

पेंटरने त्याला सांगितलं होतं, की बाई खरी आहे, वेल्ह्याकडची आहे, चांगल्या घरची आहे. एवढ्यावर वकिलाचं समाधान झालं होतं. पुरुषाने एकदम जाणं बरं दिसत नाही, तेव्हा मी जाऊन बघून यावं असं त्याचं म्हणणं. "विधवाविवाहाला माझा तत्त्वतः पाठिंबा आहे," तो म्हणाला. विधवेच्या हातचं तो सत्तावीस वर्षं जेवतो आहे. हे तत्त्व त्या जेवणांत कधी निघालं नव्हतं. मी ढवळत राहिले. चीक चांगला झाला.

भोर

मोटारीचं वर्णन करत नाही. कात्रजचा घाट आणि धूळ ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको, इतरांना सांगून उपयोग नाही. कोणाच्या घरचं पाणी चालतं आणि कोणाचं नाही, हा प्रश्न मात्र मी मोटारीत बसतानाच पुण्यात ठेवून दिला. प्रवासात सामान कमी असावं.

भोर हे संस्थानच्या राजधानीचं गाव. राजवाडा आहे, कचेऱ्या आहेत, नीरेचा घाट आहे आणि कोणालाही कसलीही घाई नाही. पुण्यात पत्ता विचारला तर पत्ता कळतो. भोरात पत्ता विचारला तर आधी आपण कोण, कोणाच्या, कशाला आलो आणि जेवण झालंय का, हे सांगावं लागतं. मग पत्ता सांगतात, आणि सांगून झाल्यावर बरोबर चालायला लागतात. माझ्याबरोबर चौघे आले.

पेंटरचं घर नदीच्या बाजूला आहे. एका खोलीत नाटककंपनीचे पडदे, दुकानांच्या पाट्या आणि वारलेल्या लोकांची मोठी चित्रं एकत्र उभी केली होती. स्वतः पेंटर पन्नाशीचा, बारीक, बोलण्यात फार सावध. मी कोणाची बहीण ते कळल्यावर आणखी सावध झाला.

चित्र भिंतीवर होतं. बापूने त्यात मन पाहिलं होतं. मी आधी कपडे पाहिले, कारण मला त्यातलं कळतं. पोलकं तिचं नव्हतं. खांदा दोन बोटं खाली उतरला होता आणि पुढची चूण मागे ओढली गेली होती, म्हणजे पाठीवर टाचण्या होत्या. पातळ पाचवारी, पण पायांत अंतर ठेवून उभी होती, जन्मभर कासोटा घालणारी उभी राहते तशी. पाचवारीची सवय असलेली बाई अशी उभी राहत नाही, निऱ्या पायांत येतात. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवला होता आणि त्याच्याखालून हिरवट ठिपके दिसत होते. मान मात्र उत्तम होती. इतकी सरळ मान खुर्चीत बसून होत नाही.

उसने कपडे घातले म्हणून बाई वाईट ठरत नाही. मुलगी दाखवताना निम्मं पुणं शेजारणीच्या पाटल्या घालतं. म्हणून मी रीतसर चौकशीला लागले.

"नाव काय बाईंचं?"

"ठकूबाई."

"राहणं कुठे?"

"पालीच्या वर. राजगडाच्या अंगाला."

"घरचं कसं आहे?"

"दूधदुभतं भरपूर. तूप खाऊन उरतं."

"घर मोठं आहे?"

"उंचावर आहे. हवा फार चांगली."

"भोरला येणं असतं का त्यांचं?"

"उन्हाळ्यात त्या वरच असतात."

"म्हणजे लोक महाबळेश्वरला जातात तसं?"

"तसंच काहीसं," तो म्हणाला आणि ब्रश धुवायला आत गेला.

तो परत आल्यावर मी मोकळ्या कपाळाचं विचारलं. तो म्हणाला, "त्यांनी जसं सांगितलं तसं रंगवलं. माझ्या पदरचं काही घातलं नाही. एक घड्याळ सोडून." चित्र मुंबईच्या एका साबणवाल्याच्या कॅलेंडरासाठी काढलं होतं. त्याने आधुनिक स्त्री मागितली होती. मग घेतलं नाही, कारण त्याला हसरी हवी होती.

स्थळं सांगणारे मध्यस्थ मी पुष्कळ पाहिले. इतकं कमी खोटं बोलून इतकं कमी सांगणारा हा पहिलाच.

पेंटरच्या बायकोने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. आंबेमोहराचा भात, वर तूप. भाताचा वास दाराबाहेरपर्यंत येत होता. पुण्यात आम्ही हाच तांदूळ भोरचा म्हणून घेतो आणि हा वास येत नाही. म्हणजे आमच्याकडे कोणीतरी फसतं आहे, किंवा कोणीतरी फसवतं आहे. "तूप छान आहे, कुठलं?" मी विचारलं. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "येतं वरून."

पाली

भोरहून मोटारीने नसरापूरला परत आले आणि तिथून पुढे बैलगाडी केली. गाडीवान गेनबा, वरवे बुद्रुकचा शेतकरी. उन्हाळ्यात शेतात काम नसतं म्हणून भाडी मारतो. पालीला त्याची बहीण दिलेली, त्यामुळे मुक्कामाची सोय झाली.

डाव्या हाताला राजगड दिसायला लागला की तो दिवसभर दिसत राहतो आणि जवळ येत नाही. एका ओढ्यात चाक वाळूत रुतलं. गेनबाने मला उतरायला सांगितलं, मग ढकलायला सांगितलं. पुण्याच्या बाईला ढकलायला सांगताना तो जरासुद्धा लाजला नाही, हे मला आवडलं. चाक निघालं. छत्री गाडीखाली सापडून तिची दांडी मोडली.

चाक निघाल्यावर बैलांना दम खाऊ देत आम्ही बसलो, तेव्हा त्याला फोटो दाखवला.

"कोन म्हनायच्या या?" त्याने विचारलं.

"तेच बघायला चाललेय. माझा भाऊ म्हणतो, हिच्या डोळ्यांत व्याकुळता आहे."

गेनबाने फोटो लांब धरून पाहिला. "भुकेजलीया," तो म्हणाला. "आमच्या घरात बी दुपार टळली का अशीच उबी ऱ्हाती."

त्याची बहीण सखू. तिने अंगणात बाजेवर बसवून आधी ताक दिलं, मग चौकशी केली. आमच्याकडे याच्या उलट आहे. नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वरईचा भात असं जेवण झालं. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि दह्याची वाटी पुढे सरकवली.

फोटो तिने भावाच्या हातातून घेतला आणि उजेडाला नेला. बराच वेळ बघत राहिली.

"हिचा मानूस मुंबैला गिरनीत हाय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"कागुद आलाय न्हवं. हिला वाचाया येत न्हाई. म्हून कुनी वाचनारं जातंय का, ते बगतीया वाटंला. मास्तर न्हाईतर पोष्टमन. आमी बी आशाच उब्या ऱ्हातो."

तिचा नवरा परळला गिरणीत आहे, हे मला नंतर गेनबाकडून कळलं. आतापर्यंत ऐकलेल्या अर्थांत मला हा सगळ्यांत सुसंगत वाटला. त्यात बूट आणि मोकळं कपाळ सोडून सगळं बसत होतं.

"ठकूबाई माहीत आहेत का? वर राहतात त्या," मी विचारलं.

भावाबहिणीने एकमेकांकडे पाहिलं.

"ठकी व्हय?" सखू म्हणाली. "म्हाईत हाय की. धनगरवाड्यावरची. या कापडात म्या वळकलीच न्हाई. तिच्याकडनंच तर ताक आनलंय तुमास्नी."

मी उरलेलं ताक प्याले. ताक चांगलं होतं. मला तेव्हाच परतायला हरकत नव्हती, पण वकिलाला ऐकीव पुरावा चालत नाही. शिवाय खरं सांगायचं तर अजून थोडी आशा होती. धनगराची विधवा असली तरी बाई होती, मान सरळ होती आणि बापूचं तत्त्व होतं. सुधारणा करायचीच तर पुरती करावी. माझी साताऱ्याची खोली त्यावर अवलंबून होती.

धनगरवाडा

सकाळी उन्हाच्या आधी निघालो. गेनबा बरोबर आला, कारण त्याला आता पुढचं कळल्याशिवाय चैन पडणार नव्हती. वाट करवंदीच्या जाळ्यांतून चढते. करवंदं पिकली होती. ती खात चढलं की चढ कळत नाही, पण पदराला डाग पडतात. अर्ध्या वाटेत वहाणेचा अंगठा तुटला. गेनबाने कसल्याशा वेलीने बांधून दिला, तो पुढे नसरापूरपर्यंत टिकला.

वर सहा-सात घरं. कुडाच्या भिंती, वर गवत. अर्ध्या घरात माणसं, अर्ध्यात म्हशी, आणि चांगली बाजू म्हशींना. एका घरासमोर एक बाई पाठमोरी शेण थापत होती. मी तिला मानेवरून ओळखलं.

ती वळली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात डोरलं, हातभर बांगड्या. मनगटावर हिरवं गोंदण. माझं काम तिथेच संपलं. पण एवढं चढून लगेच उतरण्यात अर्थ नव्हता, आणि गेनबा आधीच बसला होता.

मी फोटो दिला. तिने हात पदराला पुसले, फोटो धरला आणि आधी उलटा करून मागची बाजू पाहिली. मग पुढची.

"ही व्हय मी?"

"तुम्हीच ना?"

"मीच. पर म्या असं कवा बघितलं न्हाई. त्यो बगू द्यायचा न्हाई. संपल्यावर दावतो म्हनला, आन् संपल्यावर पडदा टाकून बसला."

हकीकत अशी. बाजाराला ती तूप घेऊन भोरला जाते. पेंटर नेहमीचं गिऱ्हाईक. त्याने सांगितलं, तीन बाजार माझ्याकडे न हलता उभी राहा. मोबदल्यात तिने रंगाचे रिकामे डबे घेतले, चार, झाकणासकट. अशी घट्ट झाकणं दुसऱ्या कशाला येत नाहीत, असं ती म्हणाली आणि एक डबा आणून दाखवला. बाहेर निळा ओघळ, आत लोणी. पातळ आणि बूट नाटकवाल्यांच्या पेटीतले.

"आणि हातात पत्र कोणाचं?"

"पत्र कुठलं? कुस्त्यांचा कागुद हाय त्यो. जत्रंचा."

"बघताय कुठे?"

"रेडकू बांदलं व्हतं नदीला. सारकं वरडत व्हतं. आन् ते बूट, बाई, बोटं पार येका जागी केल्ती माजी. कवा सुटतीया आसं झालं व्हतं."

व्याकुळतेचा उलगडा झाला. आता एकच राहिलं होतं. "चित्रात कुंकू का नाही काढू दिलंत?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हेही सांगावं लागतं काय. "ते माजं येकलीचं हाय का? त्यो म्हनला, चित्र मुंबैला जानार, दुकानात लागनार. म्या म्हनलं, त्वांड घे, हात घे, समदं घे. कुंकू आन् डोरलं आमच्या धन्याचं. ते परक्याच्या भितीवर कसं टांगायचं? तितं पाल बसंल, धूळ बसंल, उद्या कुनी फाडून बी टाकंल. म्हून म्या उबी ऱ्हायले कुंकू लावून, पर त्येला सांगितलं, येवढं काडू नगंस."

मग माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "त्येनं मग तुमच्यावानी कपाळ काडलं."

"तसंच दिसतंय."

एवढ्यात तिचा नवरा कुंडावरून म्हशी घेऊन आला. उंच, खांद्यावर काठी आडवी. गेनबाने मला बोलू दिलं नाही, स्वतःच सगळं सांगून टाकलं. पुन्याचा वकील. फोटो बघितला. मागनी घातलीया. बहीन आलीया बगायला.

मला वाटलं आता काठी खाली येते. तो शांतपणे माझ्यासमोर बसला.

"दूद काडाया येतं का वकिलास्नी?"

"नाही."

"मंग न्हाई जमायचं. हिच्यासंगट सात म्हशी जात्याल. त्या हिच्या हातालाच पान्हवत्यात."

"त्येंच्याकडं जागा हाय का, ते इचारा आदी," ठकूबाई म्हणाली.

"तिसऱ्या मजल्यावर राहतो," मी म्हटलं.

"म्हशी जिना चढत न्हाईत," नवरा म्हणाला. विषय संपला. मी आजवर ज्या ज्या घरी नकार ऐकला, त्यांत हा सर्वांत सभ्य होता. कोणाचं नाक मुरडलं गेलं नाही, पत्रिका मध्ये आली नाही.

फोटो अजून त्याच्या हातात होता. तो बराच वेळ बघत बसला होता. "ह्यो ऱ्हाऊ द्या की माज्याजवळ."

"काय करायचाय? पोरी हसत्याल," ती म्हणाली. "आन् कपाळ मोकळं हाय तिचं. आशी बाई घरात ठेवतोस?"

"लावू की मंग."

तो उठला, आतून कुंकवाची कोयरी घेऊन आला, बोट बुडवलं आणि फोटोतल्या बाईच्या कपाळावर लावलं. बोट मोठं होतं, अर्धा चेहरा लाल झाला. "आता आपल्या भितीवर हाय. आता चालतंय," असं म्हणून त्याने फोटो भिंतीतल्या मेढीच्या फटीत खोचला. ती शेणाची पाटी उचलून उन्हात ठेवायला गेली आणि येताना दोन वेळा तिकडे बघितलं.

आम्हाला नाचणीची आंबील मिळाली. पिताना तिने विचारलं, "भाऊ ल्हान हाय व्हय तुमचा?"

"चव्वेचाळीस."

"आन् मग त्येच्या लग्नासाटी तुमी डोंगुर चढताय?"

मी सांगितलं, त्याचं लग्न झालं की मी साताऱ्याला जाणार, शाळेत शिकवायला. तोपर्यंत त्याचं घर बघायला कोणी हवं.

"किती वरसं बगताय?"

"सत्तावीस."

तिने मान हलवली, उपदेश केला नाही. तिला एक गोष्ट आठवली ती सांगितली. वरचं कुंड आटलं की ही मंडळी गुरं घेऊन खाली ओढ्याला उतरतात. एका वर्षी सासरा अडून बसला. म्हणाला, पाणी लागेल, थांबा, माझ्याशिवाय कोणी हलायचं नाही. सगळे थांबले. म्हशी तहानेल्या, त्या सकाळी आपल्या आपण उतरल्या. म्हशींमागे ठकूबाई उतरली, कारण धारा तिला काढायच्या होत्या.

"मग सासरे?"

"दोन दिस वर बसला. तिसऱ्या दिशी आला खाली, आन् भाकर मागितली."

"रागावले?"

"भाकर खाल्ल्याव कोन रागावतंय?"

गेनबा मोठ्याने हसला. मी आंबील संपवली, भांडं विसळून दिलं. निघताना तिने पळसाच्या पानात लोणी बांधून दिलं. ते उतरेपर्यंत वितळलं.

नसरापूर

गाडी संध्याकाळच्या आत नसरापूरला पोचली. पुण्याची शेवटची मोटार गेली होती. चहाच्या दुकानाच्या माडीवर उतरायची सोय होती, तिथे राहिले. गेनबाने जाताना विचारलं, "वकिलास्नी काय सांगनार?" मी म्हटलं, "जे झालं ते." तो म्हणाला, "म्हशींचं बी सांगा."

उजेड होता तोवर बापूला चिठ्ठी लिहून काढली. मसुदा असा:

"बाई सवाष्ण आहे. नवरा धडधाकट आहे आणि त्याने नकार दिला आहे. सात म्हशी बरोबर येतील, जागा नाही. हातातला कागद कुस्त्यांचा आहे. नजर रेडकाकडे आहे. व्याकुळता बुटांची आहे. खुर्ची पेंटरच्या घरची आहे, तिथे कोणीही बसू शकतं. फोटो परत मिळणार नाही, तो ज्याचा त्याच्याकडे गेला. शाळामास्तरीण बाईंना अजून नकार कळवलेला नाही, ते तू बघ. त्या डोळ्याला डोळा देऊन बोलतात, एवढं मी पाहिलं होतं. मी साताऱ्याला रुजू होते आहे. तांदूळ दोन वेळा धुवावा, पाणी दुप्पट घालावं. माझं शिवणाचं मशीन रेल्वेने पाठव. ते आडवं ठेवू नये."

पुन्हा वाचलं. शेवटी "काळजी घे" असं लिहिलं होतं, ते खोडलं आणि "तूप बरणीत आहे" असं लिहिलं, कारण ते त्याला सापडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर जाऊन उभी राहिले. पुण्याची मोटार आधी आली. ड्रायव्हरने माझ्यासाठी दार उघडलं. मी त्याच्या हातात चिठ्ठी दिली, पत्ता दोन वेळा सांगितला, त्याच्याकडून एकदा म्हणवून घेतला आणि दार लावून टाकलं. साताऱ्याची मोटार तासाभराने आली. पुढच्या बाकावर जागा होती, तिथे बसले.